झूम भरपूर, उजेड बेताचा

रोजच्या वापराची लेन्स घ्यायला गेलेला माणूस काउंटरवर पहिला प्रश्न टाकतो, 'झूम किती?' उजेड किती घेते, हे कोणी विचारतच नाही. फोटो मात्र उजेडाचाच निघतो.

लगेच १८-२०० पुढे सरकते. 'अकरा पट झूम, साहेब!' हे अकरा आले कुठून? २०० भागिले १८. बस्स. याच हिशेबाने ७०-२०० ची पट तीनही भरत नाही, आणि मैदानाच्या कडेला बसलेले क्रीडा छायाचित्रकार तीच बाळगून असतात.

पट म्हणजे पल्ला नव्हे.

आता घरात या. वाढदिवस, बारसं, साखरपुडा. आपले फोटो निघतात कुठे? ट्यूबलाइटखाली. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या वर उघडत नाही. एफ २.८ ची लेन्स तिथेच चौपट उजेड आत घेते. पहिलीला १/३० सेकंद लागतो, तिथे दुसरीचं १/१२५ मध्ये भागतं. मेणबत्तीवर फुंकर मारणारं पोर तेवढं थांबतं का?

'पण हिच्यात स्टॅबिलायझेशन आहे ना!' आहे. ते आपला हात सावरतं, पोराला धरून ठेवत नाही.

'आयएसओ वाढवू.' वाढवा. ती सोय एफ २.८ वाल्यालाही आहेच.

एफ २.८ महाग पडते, मान्य. मग किट लेन्सच ठेवा आणि ३५ किंवा ५० ची एफ १.८ जोडीला घ्या. तिला झूम नाही. आपल्याला पाय आहेत.

दुसरी फसगत रुंदीची. फुल फ्रेमवाल्यांच्या नादाने २४-७० घ्यायची आणि एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्याला लावायची. दीडपटीच्या हिशेबाने २४ चे झाले ३६. १८ असते तर २७ वर भागलं असतं. पंगतीचा फोटो काढायला मागे सरकावं, तर पाठीला भिंत.

भिंत पाडणार?

लांबचं माणूस फोटो कापून थोडं जवळ आणता येतं. चौकटीबाहेर राहिलेली आत्या कशाने आत आणणार?

दुकानाची पायरी चढण्याआधी आपलेच जुने फोटो उघडा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते. सगळा गठ्ठा १८ ते ५० मध्येच सापडला, तर २०० चे पैसे कोणासाठी मोजताय?

आणि वजन? कॅननची फुल फ्रेमची २४-७० एफ २.८, दुसरी आवृत्ती, ८०५ ग्रॅम. सिग्माची २०२१ सालची १८-५० एफ २.८ तीनशेच्या आत. रोजची म्हणायचं, तर ती रोज खांद्यावर नको? जड लेन्स चार दिवस मिरवते आणि कपाटात जाते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. आणि बुरशीला वॉरंटीवाले सहसा हात लावत नाहीत.