आजी असं करायची

पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, किहीमकर. यांपैकी काहीही समजा. रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवायचा आणि हाताला लागेल त्या गावाला ‘कर’ जोडायचा, की बेने इस्रायली ज्यूंचं आडनाव तयार होतं. दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना म्हणूनच आम्ही नुसतं ‘करकाका’ म्हणतो. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस पांढरा सदरा घालतो, मराठी अलिबागकडचं बोलतो आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना कुणालाही मागे सारतो. सिनेगॉगला त्यांच्याकडची जुनी माणसं ‘मशीद’ म्हणतात. तेव्हा ‘जरा मशिदीत जाऊन येतो’ असं काका लिफ्टमध्ये म्हणाले की नवा भाडेकरू गोंधळतो आणि जुने त्याला पुढचे चार मजले समजावत बसतात.

काका धार्मिक आहेत का, हे त्यांना विचारावं लागत नाही. ‘आपण काही फार पाळत नाही हं,’ असं म्हणून ते सुरुवात करतात आणि पुढचा अर्धा तास काय काय पाळतात ते सांगतात. ऐकता ऐकता लक्षात येतं, की त्यांच्या धर्माला ग्रंथ एकच आणि तो म्हणजे रेवदंड्याची आजी. तोरा आहे, तलमूद आहे, रब्बी आहेत, त्या सगळ्यांविषयी काकांना आदर आहे. पण शेवटची सही आजीची.

शनिवारचंच घ्या. कोकणात या लोकांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. काकांना या नावाचा कोण अभिमान! शनिवारी सकाळी काकींनी दळण आणायला सांगितलं की त्यांच्यातला शनवार तेली जागा होतो. ‘आज काम वर्ज्य. गेली दोन हजार वर्षं आमच्याकडे शनिवारी कुणी काम केलेलं नाही.’ दळण काकी आणतात. संध्याकाळी क्रिकेटचा सामना असला की मात्र रिमोट काकांच्या हातात.

‘काका, बटण दाबणं चालतं का शनिवारी?’

‘आजी शनिवारी रेडिओ ऐकायची.’

‘रेवदंड्यात तेव्हा वीज होती?’

‘सेलवरचा होता!’

आता तो रेडिओ आजी स्वतः लावायची, की शुक्रवारी संध्याकाळपासून चालूच असायचा, हा मुद्दा आमच्या मजल्यावर बरीच वर्षं प्रलंबित आहे. दिंडोशीला सत्र न्यायालय आहे, पण हे प्रकरण तिथे चालण्यासारखं नाही.

आजीची ख्याती अशी, की काकांना जे जे करायचं असतं ते ते तिनं आधीच करून ठेवलेलं असतं. काका साठीचे होते तेव्हा आजी सण झाल्यावर दुपारी तासभर पडायची. पंचाहत्तरीत ती सणाच्या सकाळीच पडू लागली. ती जाऊनही आता पन्नासेक वर्षं झाली असतील, पण तिच्या सवयी अजून वाढत आहेत.

हसायला ठीक आहे, पण आजीच्या अधिकाराला इतिहासाचा आधार आहे, आणि काका तो पुराव्यानिशी मांडतात. परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि पोथ्यापुस्तकं सगळी बुडाली. मग उरलं काय? शमा ही एक प्रार्थना, शनिवार, मुलग्यांची सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. कित्येक शतकांनंतर दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. हे लोक खरोखर आपल्यातलेच का, हे बघायला त्यानं बायकांपुढे मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. ‘बघा,’ काका म्हणतात, ‘परीक्षेला कोण बसलं? बायका. पास कोण झालं? बायका. पुरुषांना विचारलं असतं तर आज मी कोण असतो देव जाणे.’ इस्रायलमध्येही रब्बींनी साठच्या दशकात या समाजाच्या ज्यूपणाबद्दल शंका काढल्या. मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि अखेर १९६४ साली तिथल्या सरकारला हे पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. काकांच्या मते इतका वेळ लागायला नको होता. दोन बांगडे आणि एक चिंबोरी आजीपुढे ठेवायची, की झालं.

सणांची जी यादी आजीनं काकांच्या हवाली केली, तिच्यात रोश हशाना वगैरे नावं नाहीत. तिथे नव्याचा सण आहे, खिरीचा सण आहे, दारफळणीचा आहे, होळीचा आहे, बिरड्याचा आहे. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं त्याच्या शोकाचा जो उपास जगभरचे ज्यू पाळतात, तो बिरड्याचा सण. कडव्या वालांची साल काढत बसणं हाही शोकच आहे, असं काकी म्हणतात, कारण साल त्या काढतात. नोकरीत असताना साहेबानं काकांकडे सणांची यादी मागितली होती. काकांनी एका कागदावर हिब्रू नावं लिहिली, दुसऱ्यावर आजीची. दोन्ही याद्यांतले सण एकच आहेत हे साहेबाच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. तोवर काकांच्या बऱ्याच रजा मंजूर झाल्या होत्या.

वसाहतीला काकांचे सण तोंडपाठ आहेत, आणि त्याचं श्रेय चंद्राला. ज्यूंचे महिनेही अमावास्येनंतर सुरू होतात. आपण अधिक महिना धरतो, ते एकोणीस वर्षांत सात वेळा जास्तीचा महिना घालतात. त्यामुळे त्यांचा पूरिम, म्हणजे आजीचा होळीचा सण, पुष्कळदा आपल्या होळीवर येतो आणि दोन्ही घरांत पुरणपोळ्याच होतात. २०२४ मध्ये तर कहर झाला. त्यांचं नवं वर्ष घटस्थापनेला लागलं, खिरीचा सण कोजागिरीच्या रात्री सुरू झाला आणि योम किप्पूर, म्हणजे दारफळणी, नेमकी दसऱ्याला आली. नव्या वर्षाला काका ठाण्याच्या मशिदीत गेले. १८७९ सालची ती वास्तू टेंभीनाक्याजवळ आहे, आणि घटस्थापनेच्या दिवशी टेंभीनाक्याला जाणं म्हणजे काय ते ठाणेकरांना विचारा. परत आल्यावर काका म्हणाले, ‘देवाला आत भेटलो दोन तास, देवीला बाहेर तीन तास.’ घरी चिकाचा हलवा वाट बघत होता. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घोटत काकींचे हात भरून आलेले असतात आणि काका वड्या मोजत असतात. हिशेब खात्याची सवय.

हनुक्का मात्र ते उडवून लावतात. तो सण यादीत नाही, आणि नसण्याचं कारण काकांकडे तयार आहे. ‘मंदिर पुन्हा शुद्ध करून दिवे लावले ते कधी? आमची माणसं त्याआधीच गलबतात बसली होती. आपण निघाल्यावर मागे काय झालं त्याचे दिवे आपण का लावायचे?’ आता इस्रायलमध्ये अश्दोदला राहणारी त्यांची मुलगी व्हिडिओ कॉलवर नातवाकडून दिवे लावून घेते, तेव्हा काका आठही संध्याकाळी फोनसमोर बसतात. नातू बघायला, सणासाठी नव्हे, असा खुलासा रोज होतो.

ही मुलगी दिंडोशीत होती तेव्हा शनिवारी क्लासला जायची. तिकडे गेल्यावर कडक झाली. आता ती शुक्रवारी सूर्यास्ताआधी फोन करून विचारते, ‘बाबा, मशिदीत जाणार का उद्या?’ काका आग्रीपाड्याच्या मागेन हसिदीम मशिदीचं अंतर सांगतात. दिंडोशीपासून वीसेक किलोमीटरच्या वर, आणि शनिवारी वाहन वर्ज्य. ‘चालत जाऊ म्हणतेस?’ म्हणजे शब्बाथ मोडू नये म्हणून ते शब्बाथच्या प्रार्थनेला जात नाहीत. हा युक्तिवाद मला फार आवडतो. त्यातून निसटायला जागा नाही, आणि घरात पंखा आहे.

याच माणसाचा दुसरा अवतार मलिद्याला दिसतो. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याला नवस बोलायचा आणि तो फळला की भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा घालून मलिदा करायचा, भोवती फळं मांडायची. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथे माणसं नवस फेडायला जातात. काका कशालाही मलिदा घालतात. मोतीबिंदू निघाला, मलिदा. नातवाला दात आला, मलिदा. खालच्या मजल्यावरच्या कदमांची मुलगी दहावी झाली, तेव्हाही मलिदा, कारण नवस काकांनी परस्पर बोललेला. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हवेत. दिंडोशीत दहा आणायचे कुठून? कुर्ल्याहून दोघं येतात, ठाण्याहून तिघं, कुणीतरी मेट्रोत उलट्या दिशेला बसून दहिसरला पोचतं. आकडा भरेना की काका आम्हाला बोलावतात. ‘तुम्ही मोजणीत नाही, पण बसा. एलियाहूला भरलेलं घर दिसलं पाहिजे.’

अशा माणसाची दारफळणी आम्ही गृहीत धरली होती. आजीनं यातूनही वाट काढली असणार, असं आमच्या मजल्याचं एकमत. तसं काही होत नाही. पंचवीस तास अन्नपाणी बंद, चामड्याची चप्पल बंद, अंघोळ बंद. दार लावून घ्यायचं, पांढऱ्या कपड्यांत बसायचं, कुणाला शिवायचंही नाही. मशिदीत न जाण्याचं समर्थन इथे मात्र पक्कं आहे. मुंबईतली पहिली मशीद सॅम्युएल दिवेकरांनी बांधली १७९६ साली, त्याआधी कोकणात हे सगळं घरातच चालायचं. त्या एका दिवशी काकांना बघून वाटतं, हा बाकीच्या वर्षाची वसुली करतोय.

पण काकांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. २०२४ च्या दसऱ्याआधी डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. अश्दोदहून फोन आला. मुलीनं तिथल्या रब्बींना विचारलं होतं, आणि जीव धोक्यात येत असेल तर उपास न करणं हाच धर्म आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. वर्षभर सवलती शोधणाऱ्या माणसापुढे ग्रंथानं आपण होऊन सवलत ठेवली. काका उखडले.

‘पुस्तकातलं पुस्तकवाल्यांना! आजी शेवटच्या वर्षीसुद्धा पाण्याचा थेंब घेत नव्हती.’

‘आजीला साखर होती का?’ मी विचारलं.

‘असेलही. तेव्हा कोण तपासत होतं?’

दसऱ्याच्या दुपारी शेजारणीनं श्रीखंडाचा डबा आणला. दार बंद. ‘उद्या!’ आतून काकांचा आवाज आला, जरा बारीक. मग काकींचा आला, आणि तो आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला, कारण त्या दाराच्या अगदी मागेच उभ्या होत्या.

‘तुमच्या आजीनं मला सांगितलं होतं.’

शांतता.

‘लग्न होऊन आले त्या वर्षी. म्हणाल्या, सूनबाई, आजारी माणसानं दारफळणीला थोडं थोडं घ्यावं. घोटभर पाणी, मग थांबायचं. पुन्हा घोटभर. चमचाभर पेज.’

‘मला कधी बोलली नाही ती.’

‘तुम्ही कधी तिच्यासमोर आजारी पडलात?’

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. आजीचा हवाला देणारा आजवर एकटाच होता. दुसरा साक्षीदार पुढे येईल ही शक्यता त्यांनी कधी धरली नव्हती. त्याला खोटं ठरवायचं तर स्वतःच्या सगळ्या साक्षी फेरतपासणीला काढाव्या लागणार. खूप वेळानं भांडं वाजलं. माप न भरेल इतकं थोडं, मध्ये वेळ सोडून घ्यायचं, ही रीत रब्बींच्या ग्रंथांतही आजाऱ्यांसाठी सांगितलेली आहे. रेवदंड्याच्या आजीला ती ठाऊक असेल का, की काकींनी आदल्या दिवशी अश्दोदला फोन केला होता, याची चौकशी मी केलेली नाही.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दानधर्म करायचा, आप्तांना भेटायचं. काका सकाळीच रखवालदाराला, झाडूवालीला, लिफ्टवाल्याला पैसे वाटून आमच्याकडे आले. आपट्याची पानं घेतली, गळाभेट झाली, आणि नजर श्रीखंडाच्या डब्यावर गेली.

‘शिळ्या सणाला,’ काका म्हणाले, ‘आजी गोड खायचीच.’

‘एक चमचा,’ मागून काकी म्हणाल्या. ‘मला सांगितलंय त्यांनी.’