पुढच्या दारी पहारा, मागच्या दारी पगार

फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, तेही हातापायांत बेड्या घालून आणलेले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. "घुसखोरांना असंच पाहिजे," म्हणत आपल्याकडेही काहींनी टाळ्या पिटल्या. बहुधा मुलाच्या एच-वन-बी व्हिसाची तारीख बघता बघता.

प्रश्न एवढाच, की अशा मंडळींना कामावर ठेवणाऱ्यांच्या मनगटांची मापं कुणी घेतली का? अमेरिकेचे अध्यक्ष असताना रेगनसाहेबांनी १९८६ साली कायदा केला, जवळजवळ २७ लाख बिनकागदाच्या लोकांना कागद दिले आणि जाणूनबुजून बेकायदा माणूस ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला. मालकानं कागद पाहायचा; तो दिसायला खरा असला की झालं. मालक निरागस.

तिथं पिकांत राबणाऱ्या मजुरांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास बिनकागदाचे आहेत. खोट्या नंबरावर कित्येकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते. पेन्शनच्या नावानं मात्र शंख. ते पैसे घेताना सरकारला कधी शिंक आली नाही.

सुधारणेसाठी फार लांब जायला नको. वर्षानुवर्षं राहिलेल्यांना रीतसर अर्ज करू देणारं कलम तिथं आहेच. मुख्य अट अशी, की माणूस १ जानेवारी १९७२पूर्वी आलेला हवा. ही तारीख १९८६च्या त्याच कायद्यानं ठरवली, नंतर कुणी हलवली नाही. म्हणजे १९७२पूर्वी विशीत आलेला गडी आज सत्तरी ओलांडून अर्जाला मोकळा. त्याला स्ट्रॉबेरी तोडायला वाकता येतं का, ते मालक बघून घेईल.