आठ बाय चार, एकोणीस एमएम

प्लायवूडच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "आठ बाय चारचं एकोणीस एमएम दाखवा," आणि दुकानदाराच्या कपाळावर साधी आठी पडत नाही. लांबी-रुंदी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये. एकाच तक्त्यावर इंग्रज आणि फ्रेंच गुण्यागोविंदाने नांदतात. इतिहासात त्यांना हे क्वचितच जमलं.

मग मिस्त्री येतो. त्याच्या टेपच्या एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. इंचाची कड झिजून पुसट झालेली, सेंटिमीटरची कोरी करकरीत. "सहा फूट दोन इंच तीन सूत," तो पुटपुटतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. एकदा मी त्याला कपाटाची सगळी मापं सेंटिमीटरमध्ये लिहून दिली. त्याने कागद आदराने वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "बरं, आता फुटात सांगा."

यात सरकारची कसूर नाही. १९५६ साली कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून दशमान मापं टप्प्याटप्प्याने आली. शाळेत आम्ही किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर घोकले. त्यातला डेकामीटर पुढे आयुष्यात कुणाला भेटला असेल, तर त्याने कृपया कळवावं.

आज मीटर म्हणजे प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात कापतो तेवढं अंतर. एवढं तालेवार माप कापडाच्या दुकानात काय काम करतं? "ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर पुरेल ना?" "बाही लांब हवी असेल तर मीटर घ्या, ताई." तेच कापड शिंप्याकडे पोचलं की दंडघेर पुन्हा इंचात.

घराचं तर विचारूच नका. करारनाम्यात चौरस मीटर, भांडणात चौरस फूट. साठ चौरस मीटर ऐकून खचलेला माणूस साडेसहाशे फूट ऐकल्यावर पडदे कुठले लावायचे याचा विचार करू लागतो. लग्नाच्या स्थळाची उंचीही फूट-इंचातच. एकशे त्रेसष्ट सेंटिमीटरची मुलगी अजून कुठल्याच आत्याने सुचवलेली नाही.

पाऊस तेवढा बिनविरोध मिलिमीटरमध्ये पडतो. पण साचला की परवा आमच्या सोसायटीत झाला तसा संवाद होतो.

"गेटपाशी पाणी किती आहे हो?"

"गुडघाभर."

"कुणाच्या?"