शिट्टीसर

आमच्या शाळेत पी.टी.च्या सरांचं खरं नाव फक्त मस्टरवर आहे. एरवी ते सगळ्यांचे शिट्टीसर. लग्नाच्या फोटोतही हारांखालून शिट्टीची दोरी दिसते, असं पोरं छातीठोक सांगतात.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेवर बंदी आणली आणि सरांची निम्मी विद्या बुडाली. उठाबशा, अंगठे धरणं, एका पायावर उभं करणं, मैदानाला फेऱ्या... सगळी कमाई कलम १७ नं गिळली. उरलेले तास गणिताच्या बाई ‘पोर्शन मागे आहे हो’ म्हणत मागून नेत. सर स्टाफरूममध्ये चेंडूत हवा भरत बसत. चेंडू दोन, त्यातला एक पंक्चर.

अशात तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय शारीरिक शिक्षण, म्हणजे अर्थातच तीन दिवस बाकावर बसून. केळं खाऊन सर पेंगत होते, तोच तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पडद्यावर ‘खेलो इंडिया’च्या चाचण्या लावल्या. पाय पसरून बसा आणि वाकून बोटं जितकी पुढे जातील तितकी न्या : लवचिकता. ६०० मीटर धावा : दमसास. एका पायावर उभे राहा, ६० सेकंदांत किती वेळा तोल जातो ते मोजा : फ्लेमिंगो बॅलन्स.

सर ताडकन उठले. “अहो, हे तर आम्ही वीस वर्षं करून घेतलं! फक्त नोंद ठेवली नाही.”

मग बीएमआय आला. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. सरांनी गणिताच्या बाईंना फोन लावला. वजन ९२, उंची १.६८. बाईंनी उत्तर दिलं, ३२.६.

“अरेरे,” सर हळहळले, “अडीच मार्कांनी गेलो. ग्रेस मिळेल का?”

परतले ते प्रमाणपत्र, स्टॉपवॉच आणि नवी वही घेऊनच. फ्लेमिंगो खरं तर पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी. सरांनी तो दहावीपर्यंत लावला, तोही शाळेच्या फाटकात, उशिरा येणाऱ्यांना. मुख्याध्यापिका तणतणत आल्या. सरांनी शांतपणे वही उघडली. “शिक्षा नाही बाई, मूल्यमापन.” बाईंना पुढे काय बोलावं सुचेना. ‘मूल्यमापन’ म्हटलं की आमच्याकडे कुणालाच सुचत नाही.

गणिताच्या बाईंचं मात्र बरं चाललंय. अख्ख्या शाळेचे बीएमआय त्या काढून देतात आणि बदल्यात पी.टी.चे तास पूर्वीसारखेच नेतात.

परवा सातवीतला एक पोरगा प्रार्थनेच्याही आधी हजर. सरांसमोर चुळबुळत उभा राहिला.

“काय रे?”

“सर, काल दोनदाच तोल गेला होता. आज उशीर मांडून घ्या की.”