बसलं म्हणजे जमलं!

एआर-15 रायफल बाळगणाऱ्या अमेरिकी हौशी नेमबाजांना '.300 ब्लॅकआउट' हे काडतूस फार सोयीचं वाटतं. 2011 साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली. या रायफलीच्या नेहमीच्या .223 काडतुसाचं टरफल आखूड करून त्यात जाड गोळी बसवली, की झालं. मॅगझिन तेच, बोल्ट तोच. बदलायची ती फक्त नळी. मग घरात दोन रायफली, एक .223 ची, एक .300 ची, बाहेरून अगदी जुळ्या बहिणी. रेंजवर गप्पांच्या नादात मॅगझिन इकडचं तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो?

काही गोळ्यांचा आकार तर असा, की .223 च्या रायफलीत .300 चं चुकीचं काडतूसही निमूट आत शिरतं आणि बोल्ट बंद होतो. चाप ओढला, की 0.308 इंचाची गोळी 0.224 इंचाच्या नळीत घुसू पाहते आणि अडकते. वायूला मात्र अडकून बसायची सवय नाही. तो मॅगझिन खाली भिरकावतो, रिसीव्हर फाडतो आणि शेजारच्या नेमबाजालाही दचकवतो.

दुर्बीण कोणती घ्यावी यावर तासन् तास वाद घालणाऱ्या या मंडळींनी या अदलाबदलीवर शोधलेला उपाय म्हणजे मॅगझिनवर रंगीत चिकटपट्टी. तिचा रंग कोणता, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.