इतर हक्क

सायखेड्याच्या बाजारात कांदा सकाळी एका भावाने गेला आणि दुपारी दुसऱ्या, तर त्याला कुणी धोरण बदललं म्हणत नाही. सरकारचं मन पालटायला मात्र निदान एक पिढी जावी लागते. पालटलं की ते सात-बाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात येऊन बसतं. लोक उतारा काढतात ते सोसायटीचा बोजा उतरला का हे बघायला. मी तो रकाना कादंबरीसारखा वाचतो; कादंबरीइतकीच त्यात पात्रं असतात आणि शेवट लांबलेला असतो.

1948 चा कुळकायदा आला, 1956 ला त्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्याने मालक ठरलं. रात्री निजला तो कूळ, उठला तो मालक. बैलांना यातलं काही कळलं नसावं, त्यांना त्याच वेळी त्याच औताला जुंपलं. किंमत ठरली आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, वीस ते दोनशे पट. पण नव्या मालकाने जमीन फुंकून टाकली तर? म्हणून कलम 43 ची ओळ आली: परवानगीशिवाय विकायची नाही. हेतू चांगलाच होता. फक्त बापाच्या काळजीने लिहिलेली ती ओळ नातवाचे केस पिकले तरी जाईना. 2014 ला सरकार म्हणालं, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट भरा आणि मोकळे व्हा. आकार म्हणजे इंग्रज साहेबाच्या बंदोबस्तातले रुपये-आणे. त्याची चाळीस पटही एकरामागे द्राक्षाच्या एका क्रेटच्या पुढे सहसा जात नाही. दोन पिढ्यांची काळजी इतक्या स्वस्तात फिटली!

ज्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं, त्यांचं काय, हे विचारायला याच नाशिक जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड उठले. 1959 आणि 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली. त्या प्रश्नावर मला विनोद सुचत नाही.

बाकी सरकारच्या भीतीचा क्रम गमतीचा आहे. 1947 ला त्याला लहान तुकड्यांची भीती वाटली, म्हणून तुकडेबंदी. 1961 ला मोठ्या जमिनीची, म्हणून कमाल धारणा. 1975 च्या दुरुस्तीनंतर बारमाही पाण्याची अठरा एकर, कोरडवाहू चोपन्न. भावकीने दोन्ही कायदे न वाचताच सीलिंगचं काम पुढे नेलं. पोरं वेगळी निघाली, खातेफोड झाली, अठराचे तीन-तीन एकर झाले आणि बांधावरून कोर्ट सुरू झालं. 2023 ला सरकारने बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे पुरे म्हणून टाकलं. भाऊबंदकीपुढे मंत्रालय नमलं, एवढाच त्याचा अर्थ.

कुळाचं संरक्षण मात्र इतकं पक्कं झालं की नवं कूळ कुणी लागूच दिलं नाही. आजही जमीन वाट्याने दिली जाते, पण तोंडी. "कागद नको बरं का भाऊ, विश्वास आहे ना?" विश्वास असतोच, 1957 वरचा असतो. ऑगस्ट 2019 ला गोदावरी सायखेड्यात शिरली. असा पूर ओसरला की पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब येतात आणि नाव लिहितात ते उताऱ्यावरचं. ज्याचं बी, खत आणि घाम वाहून गेला तो शेजारी उभा राहून चतुःसीमा सांगतो.

यावरही धोरण आहे. 2016 ला नीती आयोगाने भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा काढला: मालकाची मालकी शाबूत, कसणाऱ्याला कर्ज आणि विमा. एका वाटेकऱ्याला मी तो उत्साहाने समजावून सांगितला. त्याने तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं आहे की," तो म्हणाला. "फक्त आमच्या अप्पांपुढं काढू नका. पुढच्या सालाला जमीन द्यायचे नाहीत."