मी तेव्हाच म्हटलं होतं

वसईजवळच्या गास गावच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपली की माणसं दोन प्रकारची उरतात. काही घाईघाईने मासळी आणायला पळतात, बाकीची अंकलना सापडतात. अंकलचं नाव सांगत नाही. प्रत्येक गावात एकेक अंकल असतोच, उगाच आमच्याच नावावर पेटंट नको.

अंकलची माणसाकडून अपेक्षा फार नाही. माणूस चढत तरी असावा, नाहीतर पडत तरी असावा. एका जागी उभा राहिलेला माणूस त्यांना दिसतच नाही.

त्यांचा आवडता विषय म्हणजे विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ. 2013 साली चौदा वर्षांच्या या पोराने शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये 546 धावा केल्या, तेव्हापासून विरार लोकलचा तो डबा अंकलच्या बोलण्यात धावू लागला. किट बॅग खांद्यावर, सोबत वडील, पहाटेची गर्दी. ऐकणाऱ्याला वाटावं, बॅगेचा एक बंद अंकलच्याच हातात होता. 2018 मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच शतक झालं, तेव्हा अंकल म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

मग 2019 ची आठ महिन्यांची बंदी आली, ॲडलेडचं शून्य आलं, 2024 च्या आयपीएल लिलावात कोणी बोलीच लावली नाही. अंकलचा आवाज खाली आला, खुर्ची मात्र पुढे सरकली. "पोरांना लवकर पैसा मिळाला की असंच होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं." दोन्ही वेळचं 'तेव्हाच' एकच होतं का, हे विचारायची कोणाची छाती नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मात्र पृथ्वीने महाराष्ट्राकडून रणजीत चंदीगडविरुद्ध 222 धावा ठोकल्या आणि अंकल चिडले. गावभर दुखवट्याची भाषणं करून झाल्यावर मयत उठून चहा मागू लागावं, तशी त्यांची गत झाली. दोन रविवार ते गप्प होते. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "परत येणार, हे मी तेव्हाच..."

राजकारणातलं पडणंही अंकलना तेवढंच चालतं. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत बहुजन विकास आघाडीच्या वसई, नालासोपारा, बोईसर या तिन्ही जागा एका दिवसात गेल्या. त्या आठवड्यात अंकलना चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत. दोष त्यांचा एकट्याचा कसा म्हणायचा? चहा पाजणारे आम्हीच होतो.

ज्यांच्या नावाचं आमचं चर्च आहे, त्या संत गोन्सालो गार्सियांनी मात्र अंकलचा हिशोब चुकवला असता. वसईत जन्म, जपानात चाललेला व्यापार, तो सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण आणि संतपद 1862 मध्ये. मधली 265 वर्षं अंकलनी एकच वाक्य चालवलं असतं, "चांगला धंदा होता हो पोराचा!"

एकदा ते सुकेळी करणाऱ्या एका घरी गेले. वाळत घातलेली राजेळी केळी बघून त्यांना विषय मिळाल्यासारखं वाटलं.

"किती वर्षं करता?"

"सासूबाईंच्या आधीपासून."

"माल परदेशात गेला?"

"नाय बा."

"मग कधी कर्जात बुडलात?"

"नाय."

अंकल उठले. घरच्या बाईने पुढे केलेली सुकेळी तेवढी खिशात टाकली.

यंदा दहावीच्या निकालाला ते शेजाऱ्यांकडे पूर्ण तयारीने पोहोचले. एका पिशवीत पेढे होते आणि चेहऱ्यावर, गरज पडलीच तर, सांत्वन होतं. पोराने दार उघडलं.

"किती?"

"61 टक्के, अंकल."

अंकल उंबऱ्यावरच थबकले. 61 वर भाषण होत नाही आणि 61 वर रडताही येत नाही. पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"फेरतपासणीचा अर्ज भरलास?"

"नाही. बरोबर आहेत मार्क."

"तरी भर," अंकल काकुळतीला येऊन म्हणाले. "वर गेले तरी चालतील, खाली आले तरी चालतील. पण असे मधेच नको रे ठेवूस!"